मिस्टर थॉम्पसनचं दुखणं

"सर, आता तुम्ही पेशंट व्हा," सिस्टर हिवाळे म्हणाल्या.

मी पेशंटच होतो. मिरजेच्या एका हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खाटांच्या खोलीत, उजव्या खुब्यात स्टीलचा गज घालून घेऊन चार दिवस उताणा पडलो होतो. याहून आणखी काय पेशंट व्हायचं?

"तसं नव्हे हो." त्यांनी झेरॉक्सचा एक कागद माझ्या छातीवर ठेवला. "तुम्ही मिस्टर विल्सन. तुम्हाला डायबेटिस आहे आणि गोड सुटत नाही. मी नर्स."

"तुम्ही नर्सच आहात."

"परीक्षेतली नर्स," त्या म्हणाल्या आणि मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या उशाशी ठेवलं. "पाच मिनिटं. सुरू."

आणि माझ्या अंगावर खेकसल्याच, "मिस्टर विल्सन! यू मस्ट स्टॉप स्वीट्स! अदरवाइज वी विल कट युवर लेग!"

शेजारच्या खाटेवर शिरोळचे तात्या चौगुले होते. उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडून त्याला मांडीपर्यंत प्लॅस्टर घातलेलं. ते दचकून उठून बसले.

"सर, बाई काय म्हणत्यात?"

"गोड खाल्लं तर पाय कापू म्हणतात."

"आयला! परीक्षा हाय का दरोडा?"

मी हसलो. हसलं की खुब्यातून कळ यायची, तरी हसलो. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळ परत हातात बांधलं आणि म्हणाल्या, "इथंच माझी गाडी अडते बघा सर."

या गोष्टीला आता सहा वर्षं होऊन गेली. मी प्रभाकर हेर्लेकर, जयसिंगपूरच्या हायस्कुलात चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून रिटायर झालो. तालुक्यात माझ्या इंग्रजीचा आणि माझ्या छडीचा सारखाच दबदबा होता, आणि दोन्हींचा मला तेवढाच गर्व होता, उगाच लपवत नाही. सिस्टर सुवार्ता हिवाळे चाळिशीच्या घरातल्या. मूळच्या जालन्याच्या, लग्न होऊन मिरजेत आलेल्या. अठरा वर्षं त्या मजल्यावर होत्या. बुटक्या, चालणं झपझप, आवाज खणखणीत. त्या वॉर्डात शिरल्या की पेशंट आपोआप पालथे व्हायचे, इंजेक्शन कुणाला आहे ते नंतर कळायचं.

मी इंग्रजीचा मास्तर आहे हे केसपेपरवर वाचून त्याच दिवशी दुपारी त्या माझ्याकडे आल्या होत्या. आयर्लंडच्या एका हॉस्पिटलात त्यांची निवड झालेली होती. फक्त नर्सेसची ती इंग्रजीची परीक्षा, ओईटी, तेवढी पास व्हायची होती. ऐकणं, वाचणं, लिहिणं, तिन्ही निघाली होती. बोलणं राहिलं होतं. साडेतीनशे लागतात, पहिल्यांदा तीनशेवीस पडले, दुसऱ्यांदा तीनशेचाळीस. आता दहा दिवसांवर तिसरी खेप होती, आणि ही हुकली की तिकडची जागा जात होती. तिकडच्या बाईनं मेलमध्ये तसं स्वच्छ लिहिलं होतं.

"इंग्रजी तर ठीक बोलता," मी म्हणालो होतो. "मग मार्क कुठं जातात?"

"परीक्षेत समोर एक माणूस पेशंट होऊन बसतो. त्याच्या कार्डावर त्याचं दुखणं, माझ्या कार्डावर माझं काम. मी त्याला विचारायचं, त्याचं ऐकायचं, त्याला काय वाटतं ते काढून घ्यायचं. आणि मी काय करते? हुकूम सोडते! सांगलीच्या क्लासचे सर म्हणतात, तुमच्या तोंडात प्रश्नच नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "कसा असेल? या मजल्यावर चाळीस पेशंट अन् मी धरून तिघी. आजी, इंजेक्शन देऊ का, तुम्हाला कसं वाटेल, असं विचारत बसले तर सकाळची इंजेक्शनं संध्याकाळी होतील."

"मग जायचं कशाला तिकडं? इथं तुमचं राज्य आहे."

"माझ्या हाताखाली शिकलेल्या सात पोरी गेल्या तिकडं. एक म्हणत होती, सिस्टर, इथं एका नर्सकडं सहा पेशंट असतात." त्यांनी माझ्या सलाईनची नळी विनाकारण नीट केली. "सहा! म्हणजे माणसाशी बोलता येत असेल हो. मला एकदा तसं काम करून बघायचंय."

पगार नाही, पोरांची शिक्षणं नाहीत, हे कारण! मला ती बाई तिथंच आवडली. म्हटलं, हिला पास केल्याशिवाय मी नावाचा हेर्लेकर नाही.

तेव्हापासून रोज दुपारी दोनला, जेवणाच्या अर्ध्या तासात, त्या डबा घेऊन माझ्या खाटेशी यायच्या. एका हातात पोळीची गुंडाळी, दुसऱ्या हातात कार्डं. मी कधी विल्सन, कधी दम्याचा मिस्टर हार्पर, एकदा तर तीन महिन्यांच्या बाळाला लस टोचायला घाबरणारी मिसेस ब्राऊन झालो. मिसेस ब्राऊन मी फार छान केली. तात्यांनी टाळ्या वाजवल्या.

"विचारा!" मी ओरडायचो. "गोड बंद करा, नाही. गोड सोडताना तुम्हाला कशाची अडचण होते, असं विचारा. आणि मध्ये गप्प बसू नका. गप्प बसलात की मार्क गेलेच समजा. बोलत राहा!"

"सर, तुम्ही वर्गात मुलांना असं विचारायचा?"

"वर्गात? वर्गात मी विचारलं असतं तर एकही पोरगा स्पेलिंग पाठ करून आला नसता."

"मग आपण दोघं एकाच गाडीत," त्या म्हणायच्या आणि पुढचं कार्ड काढायच्या.

हळूहळू त्यांच्या तोंडात प्रश्न बसायला लागले. अडखळत, पण बसायला लागले. इकडं माझं मात्र वेगळंच चाललं होतं. ऑपरेशन झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मला वॉकर धरून उभं राहायचं होतं. रोज दहाला फिजिओथेरपीची मुलगी वॉकर घेऊन यायची, आणि रोज मी म्हणायचो, "आज फार दुखतंय. उद्या बघू." गोड बोलून झालं, रागावून झालं. माझा मुलगा हेमंत पुण्याहून फोनवर विनवायचा. सिस्टर तर सकाळी राउंडला आल्या की मराठीत गरजायच्याच, "सर, उठा! किती दिवस लाड करायचे?" मी हूं की चूं करायचो नाही.

अकराव्या दिवशी डॉक्टर मगदूम खुर्ची ओढून समोर बसले.

"सर, हाड मी जोडलंय. एक्स-रे बघा, झकास बसलंय. पण पाऊल तुम्हाला टाकायचंय. असेच पडून राहिलात तर छातीत कफ साठेल, पाठीला जखमा होतील आणि मग ही खाट काही सुटायची नाही. दुखणं एवढं असायचं कारण नाही."

"दुखणं माझं आहे की तुमचं?" मी म्हणालो.

त्यांनी हात टेकले आणि निघून गेले. दाराशी सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. माझ्याकडे नुसतं बघितलं आणि पुढच्या खोलीत गेल्या.

त्याच दुपारी दोनला त्या आल्या तेव्हा डबा नव्हता. कार्ड होतं, पण हातानं लिहिलेलं.

"हे काय?"

"झेरॉक्स पुसट आली होती, म्हणून उतरवून काढलं. घ्या. परीक्षेला तीन दिवस राहिलेत, वेळ घालवू नका."

मी चष्मा लावून वाचलं. मिस्टर थॉम्पसन, वय अडुसष्ट. निवृत्त पोस्टमास्तर. बायको वारलेली. खुब्याचं ऑपरेशन झालंय. चालायला तयार नाही. दुखतं म्हणतो. पण खरं कारण दुखणं नाही. नर्सनं नीट विचारलं तरच खरं कारण सांगायचं. आणि त्यापुढं काहीच नाही! कारण दिलेलंच नव्हतं.

"अहो, ही कार्डं काढतं कोण?" मी वैतागून म्हणालो. "कारण छापायचंच विसरलेत. मी सांगायचं काय?"

"कधी कधी तसं येतं. पेशंट झालेल्या माणसानं मनानं ठरवायचं. ठरवा तुम्ही काहीतरी."

"ठीक आहे. सुरू."

त्यांनी घड्याळ काढून उशाशी ठेवलं नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. खुर्ची जवळ घेऊन बसल्या. पुढचं सगळं आम्ही इंग्रजीत बोललो. मी इथं मराठीत सांगतो.

"गुड आफ्टरनून, मिस्टर थॉम्पसन. आज तुम्ही चालला नाहीत असं कळलं. त्याबद्दल माझ्याशी बोलाल का?"

वा, म्हटलं. प्रश्न! "दुखतंय," मी म्हणालो.

"शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे असह्य. किती दुखतंय?"

मी आठ म्हणणार होतो. तोंडातून निघालं, "चार."

"चार. आपण आधी गोळी देऊ, अर्ध्या तासानं ते दोनवर येईल. मग चालाल?"

"नाही."

"मग ते दुखणं नाही, मिस्टर थॉम्पसन," त्या म्हणाल्या. आवाज इतका हळू होता की मला तो त्यांचा वाटेना. "चालायचं म्हटलं की तुमच्या मनात काय येतं?"

मी थॉम्पसनसाठी कारण शोधायला लागलो. म्हटलं, सांगावं की पोस्टाच्या पेन्शनीची काळजी वाटते, नाहीतर ऑपरेशनवर विश्वास नाही. दोन-तीन कारणं जिभेवर आली. एकही बोलवेना. आणि सिस्टर पुढं काहीच बोलेनात! हात मांडीवर ठेवून नुसत्या माझ्याकडे बघत बसलेल्या. अहो बोला, मी मनात म्हणत होतो, मार्क चाललेत, बोला! पंखा फिरत होता. खाली कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं. त्या बसलेल्याच.

"मी पाच तास जमिनीवर पडलो होतो," मी म्हणालो.

त्या तशाच बसून राहिल्या.

"बाथरूममध्ये. सकाळी आठला घसरलो. दाराला आतून कडी. पाय हलेना. नळ चालू राहिला होता, त्यामुळं शेजाऱ्यांना वाटलं, आंघोळ चालली असेल. पाणी अंगाखालून वाहत होतं, गार. मी हाका मारल्या. पहिला तासभर लोकांना मारल्या. नंतर नंतर मार्गारेटला मारायला लागलो. मार्गारेट म्हणजे माझी बायको. ती जाऊन चार वर्षं झाली, हे मला माहीत होतं हो. तरी मी म्हणत होतो, सुमन, कडी काढ. सुमन, कडी काढ गं."

सुमन हे माझ्या बायकोचं नाव. थॉम्पसनच्या बायकोचं नव्हे. चूक कळली तरी मला ती सुधारता येईना. मी तसाच इंग्रजीत पुढं बोलत राहिलो. थांबलो असतो तर पुन्हा तोंड उघडलं नसतं.

"दुपारी एकला पोस्टमन आला. त्यानं माझी हाक ऐकून शेजाऱ्यांना बोलावलं. दार फोडलं. चौघं-पाचजण आत आले. अंगावर माझ्या चिंधी नव्हती. त्यात एक माझा विद्यार्थी होता, दहावीला मी त्याला सगळ्या वर्गासमोर मारलं होतं. त्यानं डोळे गच्च मिटून घेतले, चाचपडत माझ्या अंगावर टॉवेल टाकला आणि म्हणाला, सर, मी काही बघितलं नाही. खरंच काही बघितलं नाही."

"तुम्हाला फार एकटं वाटलं असेल," सिस्टर म्हणाल्या.

"चालायला लागलो की मला घरी सोडतील," मी म्हणालो. "त्याच घरी. त्याच बाथरूममध्ये. इथं पडलोय तोवर दर तासाला कुणीतरी येतं. शिव्या घालायला का होईना, येतं. मला भीती वाटते, सिस्टर."

"हे तुम्ही कुणाला सांगितलंय?"

"नाही."

"कुणाला सांगावंसं वाटतं?"

"मुलाला."

"मग कशानं अडलंय?"

"तो दोनदा मला न्यायला आला होता. मीच म्हणालो, तुझ्या फ्लॅटच्या गॅलरीत कुंडीसारखा राहायला मी येणार नाही. पडल्याचंही त्याला अर्धाच तास सांगितलंय. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

माझ्या गालांवरून पाणी ओघळत कानात शिरत होतं. उताणं पडून रडलं की तसंच होतं. सिस्टरनी खिशातला रुमाल काढून माझ्या हातात दिला. स्वतः पुसलं नाही, हातात दिला. अठरा वर्षांत तेवढं त्यांना नक्की कळलं असेल.

पलीकडून तात्यांचा आवाज आला. त्यांना इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं.

"सर," ते घाबरत घाबरत म्हणाले, "इंग्रजीत रडाय येतं व्हय?"

आम्ही दोघंही हसलो. सिस्टर उठल्या, माझ्या उशाखालचा मोबाइल काढला आणि मराठीत म्हणाल्या, "झालं. रोल-प्ले संपला. आता हेच मराठीत."

"म्हणजे?"

"हेमंतला फोन लावतेय."

"अहो, नको! सिस्टर, मराठीत नाही जमणार मला."

"का नाही जमणार? मी तिसऱ्यांदा बसतेय परीक्षेला. तुम्ही एकदा तरी बसा!"

त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. हेमंत मीटिंगमध्ये होता. "काय झालं बाबा? बरे आहात ना?"

"हेमंत," मी म्हणालो. मराठीत शब्द फार जड असतात, निदान आपल्या माणसाशी बोलताना. "मी त्या दिवशी अर्धा तास नव्हतो पडलेलो. पाच तास होतो. मला त्या घरात एकट्यानं राहायची भीती वाटते रे. म्हणून मी उठत नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो मीटिंगमधून बाहेर आला असावा.

"पाच तास?" तो म्हणाला. "बाबा, पाच तास?"

"हो."

"मी निघतोय. रात्रीपर्यंत पोचतो."

"अरे, पण तुझी मीटिंग, तुझं ऑफिस..."

"बाबा, जरा गप्प बसा हो!" हेमंत म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता.

उभ्या जन्मात तो मला असं बोलला नव्हता. आणि मला ते इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला वॉकर आला. एका बाजूला हेमंत, दुसऱ्या बाजूला ती मुलगी. मी उठलो. दुखलं की! चार कसलं, सात-आठ दुखलं. पण अकरा पावलं टाकून खिडकीपर्यंत गेलो, आणि तात्यांनी प्लॅस्टरच्या पायानिशी खाटेवर बसून अशी शिट्टी मारली की मजल्यावरच्या मावशा पळत आल्या. सिस्टर हिवाळे दारात होत्या. त्या फक्त म्हणाल्या, "उद्या बावीस," आणि निघून गेल्या.

माझा जीव मात्र आता दुसऱ्याच गोष्टीत अडकला. परवा त्यांची परीक्षा आणि त्यांची आख्खी एक दुपार माझ्या रडारडीत गेलेली! दुपारी त्या आल्याबरोबर मी कार्डांचा सगळा गठ्ठाच मागून घेतला. म्हटलं, आज दोन तास सुट्टी नाही, सगळी कार्डं परत. एकेक बघत गेलो. बेचाळीस कार्डं होती, सगळी छापील, सगळी स्वच्छ. पुसट एकही नव्हतं. आणि थॉम्पसन त्यात कुठंच नव्हता.

"सिस्टर, हा थॉम्पसन कुठल्या पुस्तकातला?"

त्या पोळीचा घास चावत राहिल्या. चावून झाल्यावर म्हणाल्या, "पुस्तकातला नाही तो."

"म्हणजे तुम्ही लिहिलात? माझ्यासाठी?"

"दहा दिवस मी तुम्हाला मराठीत उठा उठा म्हणतेय. डॉक्टर म्हणतात, ती पोरगी म्हणते. तुम्ही बधत नाही. मराठीत तुम्ही हेर्लेकर सर. सरांना कसली भीती? तुम्ही मला सांगणारच नव्हता." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "म्हटलं, तुम्हाला विचारण्यापेक्षा थॉम्पसनला विचारून बघावं. तो परका माणूस आहे. बोलेल कदाचित."

"आणि त्यानं नसतं सांगितलं तर?"

"तर बसले असते तशीच. माझी ड्यूटी आठपर्यंत होती."

अहो, मी चौतीस वर्षं मास्तरकी केली. एक पोरगा धडा का म्हणून दाखवत नाही, हे कळावं म्हणून कधी असा डोक्याला ताण दिला? माझ्या हातात छडी होती, मला गरजच पडली नाही. आणि ही बाई, चाळीस पेशंटांची धावपळ करून, स्वतःच्या परीक्षेला तीन दिवस राहिलेले असताना, स्वतःच्या जेवणाच्या वेळेत बसून एका हेकट म्हाताऱ्यासाठी एक खोटा पोस्टमास्तर तयार करते! मी हात जोडले. खरोखर जोडले. त्या संकोचून म्हणाल्या, "काय हे सर! ओळखीचे पेशंट असे हात जोडायला लागले म्हणजे मला धडकीच भरते. चला, मिस्टर हार्पर व्हा."

त्या परीक्षा देऊन मुंबईहून परत यायच्या आतच मला डिस्चार्ज मिळाला. हेमंत मला गाडीत घालून पुण्याला घेऊन आला. निकालाला तीन आठवडे लागणार होते. ते तीन आठवडे मी सुनेला नको नको केलं. दर अर्ध्या तासानं, "माझ्या फोनचा आवाज मोठा आहे ना गं?"

एका शनिवारी सकाळी फोन आला. मी "हॅलो" म्हणायच्या आत तिकडून खणखणीत आवाज, "सर! तीनशेऐंशी!"

"किती?"

"तीनशेऐंशी! साडेतीनशे लागतात, मला तीनशेऐंशी पडले!"

मी जागेवर उभा राहिलो. वॉकर न धरता. सून किंचाळली तेव्हा कळलं.

"अहो पण झालं कसं? पेशंट कसा होता?"

"बाई होती एक. गोळ्या घेत नव्हती. मी विचारलं, गोळ्या घ्यायचं म्हटलं की मनात काय येतं? आणि गप्प बसले. तीन सेकंदांत तिनं सगळं सांगून टाकलं! मला वाटलं, हे काय, इतक्यात?" त्या हसायला लागल्या. "सर, तुमच्यापुढं काहीच नव्हती हो ती. पहिल्यापासून अवघड पेशंटवर हात बसला, म्हणून निघाले मी."

त्या आयर्लंडला गेल्या. आजही नाताळाला फोन करतात. तिथं त्यांच्याकडे सहाच पेशंट असतात आणि त्यातला एखादा आठवड्याला तरी त्यांना रडून दाखवतो, असं त्या सांगतात. सांगताना आवाजात काय अभिमान असतो!

पण मला सांगायचंय ते त्या निकालाच्या शनिवारचं. हेमंतच्या घरी राहायला आल्यापासून मी एक गोष्ट खिडकीतून बघत होतो. रोज संध्याकाळी तो ऑफिसातून आला, खाली गाडी लावली, की लगेच वर यायचा नाही. दहा-पंधरा मिनिटं गाडीतच बसून राहायचा, काचा बंद करून. मग वर येऊन हसत हसत विचारायचा, "काय बाबा, आज किती पावलं?" सुनेला मी विचारलं, तर ती म्हणाली, "फोनवर बोलत असतील." फोन कानाला नसायचा. जुना हेर्लेकर असता तर दारातच सुनावलं असतं, घरी बायको वाट बघतेय, खाली कसला मोटारीत बसतोस?

त्या शनिवारीही त्याला ऑफिस होतं. संध्याकाळी गाडी आलेली बघितली आणि मी वॉकर घेतला. लिफ्टनं एकटाच खाली गेलो. पार्किंगमधल्या उतारावर अंगाला घाम फुटला, तरी गेलो. काचेवर टकटक केली. तो एवढा घाबरला की पटकन दार उघडून उतरायला लागला.

"उतरू नकोस," मी म्हणालो. "मला बसव आत."

त्यानं मला धरून पुढच्या सीटवर बसवलं, वॉकर मागे टाकला आणि परत आपल्या जागेवर येऊन बसला. "काय झालं बाबा? काही हवं होतं का?"

"हेमंत, तू रोज इथं बसतोस. त्या वेळी तुझ्या मनात काय येतं, ते मला सांगशील?"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या अडतीस वर्षांत त्याच्या बापानं त्याला पहिल्यांदा प्रश्न विचारला होता. आजवर नुसते निकाल विचारले होते.

"काही नाही हो बाबा. असंच."

मी गप्प बसलो. सल्ला घशापर्यंत आला होता, एक सोडून चार आले होते. सगळे गिळले. समोरच्या भिंतीवर कुणीतरी आपल्या गाडीचा नंबर रंगवून ठेवला होता, तो वाचत बसलो. वॉचमन एकदा येऊन बघून गेला. हेमंतनं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

मग तो बोलायला लागला.